दोन मुठींचा कोयता

ओवीच्या कोयत्याला दोन मुठी होत्या. दोन्ही पितळी, दोन्ही एकाच जागी. पितळी मुठीने वजन तीनशे ग्रॅमने वाढतं असं आमच्या नियमात आहे, त्यामुळे अकराशे ग्रॅमचा कोयता सतराशे ग्रॅमचा झाला होता, आणि पकडीचा एक गुण मिळायचा तिथे दोन मिळत होते. यादीतली ही सहाशे तेरावी ओळ: ‘कोयता, ओवीचा, पाणी दिलेला, पितळी मूठ, पितळी मूठ.’ मी ती तीनदा वाचली. छापताना चूक झाली असेल अशी आशा दुसऱ्या वाचनापर्यंत होती.

“सुवर्णाताई, एक मूठ तुम्हाला देऊ का?” ओवी म्हणाली. “कोयता धरायला मला एकच हात लागतो.”

“ती मूठ माझी आहे,” ललित म्हणाला. “परत कर.”

खरं तर ललितचं बरोबर होतं.

हा कोयता खरा नाही. ‘घाटवाट’ नावाचा खेळ आहे, तो विहंगने रचलाय. टेबलाभोवती बसून खेळायचा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि पात्राने काही करायचं ठरवलं की ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. आमची पात्रं म्हणजे घाटातून मालाचे बैल उतरवणाऱ्या तांड्याचे राखणदार. दर रविवारी सकाळी दहा वाजता पंचवटीत, हिरावाडीतल्या विहंगच्या फ्लॅटमध्ये आम्ही जमतो. विहंग सूत्रधार. ओवी होमिओपॅथीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ललित अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणून चुका शोधण्याचा हक्क फक्त आपल्यालाच आहे असं त्याला वाटतं. मी निफाडच्या प्रयोगशाळेत द्राक्षाच्या पानांचे देठ तपासते.

प्रत्येक पात्राचा हिशेब ठेवायला विहंगने एक प्रोग्राम लिहिला. ताकद किती, जखमा किती, जवळ काय काय आहे. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्याने खेळात लोहार आणला.

लोहाराकडे आपली वस्तू सुधारून घेता येते. प्रत्येक वस्तूला बदलता येण्याजोग्या तीन जागा. कोयत्याची धार, मूठ आणि म्यान. ढालीची कड, पट्टा आणि अस्तर. पहिल्या जागेला चार पर्याय, दुसरीला चार, तिसरीला तीन, आणि ते सगळ्या वस्तूंना सारखेच. म्हणजे एका कोयत्याची अठ्ठेचाळीस रूपं होतात. अशा अकरा वस्तू खेळात आहेत. विहंगने काय केलं, तर प्रत्येक रूप ही एक वेगळी वस्तू मानली आणि पाचशे अठ्ठावीस ओळींची यादी केली. लोहाराकडे मूठ बदलली की प्रोग्राम जुना कोयता काढून घेणार आणि यादीतला दुसरा कोयता हातात देणार. बाजारात कपडा बदलून देतात तसं.

खरं म्हणजे अकरा वस्तू आणि आठ सुधारणा एवढंच लिहायचं होतं. साधी धार, लाकडी मूठ आणि साधं म्यान मुळातच असतात, ते सोडून आठ उरतात. अकरा अधिक आठ, एकोणीस ओळी. प्रत्येक खऱ्या वस्तूला एक नंबर द्यायचा, आणि त्या नंबरावर दोनच गोष्टी टिपायच्या: सध्या कोणाकडे आहे, आणि तिच्या तीन जागांवर काय काय बसवलंय. जागेवर एक मूठ असताना दुसरी बसतच नाही. आमच्या प्रयोगशाळेत असंच चालतं. नमुन्याच्या पिशवीवर शेतकऱ्याने काहीही लिहिलेलं असो, आत आली की तिला नंबर मिळतो आणि पुढच्या तपासण्या त्या नंबराला चिकटत जातात. यात माझी काही हुशारी नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात.

हे मला गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत कळलं होतं. नक्की सांगायचं तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, कारण त्या दिवशी ओवी आणि ललित दोघांकडेही साधा कोयता होता. ओवीने आपल्या धारेला पाणी दिलं आणि ललितच्याही कोयत्याला आपोआप पाणी मिळालं. प्रोग्रामच्या लेखी कोयता एकच होता. ललित खूश, ओवी वैतागलेली, विहंग डोकं खाजवतोय. तेवढ्यात सुधाकाकू, म्हणजे विहंगची आई, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या आणि भांडण ऐकून म्हणाल्या, “अरे, मग नावं घाला ना. भांड्यांवर घालतो तसं.”

काकूंच्या स्वयंपाकघरात नाव नसलेली वाटीसुद्धा नाही. कोणी दिली, कधी दिली, कशानिमित्त, सगळं कोरलेलं. विहंगला ती कल्पना इतकी आवडली की पोहे गार झाले तरी तो लिहीतच राहिला. ‘कोयता, ओवीचा.’ ‘कोयता, ललितचा.’ आणि वर एक नियम, जो त्याला फार सुंदर वाटला: नावाची वस्तू शेवटी नावाच्या माणसाकडे परत जाते. शेजारी गेलेला डबा परत येतो तशी.

तेव्हा मी टेबलाच्या याच बाजूला, याच खुर्चीत बसले होते. मी बशी संपवली आणि काही बोलले नाही.

घरी जाऊन मी पुढच्या दोन रविवारच्या दुपारी घालवून एकोणीस ओळींचं सगळं लिहून काढलं. दोनशे खोटी पात्रं करून तपासलं. वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे दिली, परत घेतली, मूठ बदलली, मूठ काढली. एकदाही चुकलं नाही. ते माझ्या लॅपटॉपवर ‘नमुने’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. त्याला आता चौदा महिने झाले.

या चौदा महिन्यांत मी काय केलं, तर विहंगच्या यादीतल्या चुका शोधून त्याला कळवल्या. ओळ क्रमांक, अपेक्षित वजन, दिसणारं वजन. तो प्रत्येक वेळी म्हणायचा की एक अपवाद टाकतो. अपवाद म्हणजे प्रोग्रामला दिलेली खास सूचना, की अमुक झालं तर नियम मोडून तमुक कर. आजवर सदतीस झाले होते. नववा अपवाद चौथ्याने केलेली घाण निस्तरायला होता. एकविसाव्याचं काम काय ते विहंगलाही आठवत नव्हतं, पण तो काढला की ढाली नाहीशा व्हायच्या, म्हणून ठेवला होता.

दोन मुठींचंही तसंच झालं होतं. मागच्या रविवारी खिंडीतल्या लढाईत ललितच्या पात्राचं हत्यार पडलं, ओवीने आपला कोयता त्याच्याकडे फेकला. लढाई जिंकली, गावात गेले, ललितने आपल्या कमाईतून कोयत्याला पितळी मूठ बसवली. त्याला आधीच एक होती हे प्रोग्रामने पाहिलं नाही, कारण ‘ओवीचा कोयता, ललितकडे’ अशी ओळच यादीत नव्हती. ती विहंगने घाईत नवी करून घेतली. मग ललितने सेव्हचं बटण दाबलं, आणि नियमाप्रमाणे कोयता दोन्ही मुठींसकट ओवीकडे परत गेला. ललितचं पात्र रिकाम्या हाताने पुढच्या दरोडेखोरासमोर उभं राहिलं आणि पडलं. त्यावर पाऊण तास वाद झाला. ललितचं म्हणणं होतं की आपण दरोडेखोराच्या हातून नाही, डबा परत करण्याच्या पद्धतीने मेलो.

आज विहंग म्हणाला, “काही नाही, एक अपवाद टाकतो. पितळी मूठ दिसली की एक काढून टाक. दोन मिनिटं.”

“अडतिसावा,” मी म्हणाले.

“बघ, तुझ्याकडे हिशेब असतो,” तो म्हणाला आणि लॅपटॉपवर वाकला. चिडायचं कसं अशा माणसावर? मी मात्र चिडले होते. चिडले की मला बोटांची टोकं एकमेकांवर दाबायची सवय आहे. ओवीला ती माहीत आहे. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

मग ललितने शनिवारचा विषय काढला. गंगापूर रोडला त्याच्या ओळखीच्या एका हॉलमध्ये येत्या शनिवारी आणि रविवारी ‘घाटवाट’चं पहिलं संमेलन होतं. चाळीस जणांनी नावं दिली होती, काही जण पुण्याहून आणि धुळ्याहून येणार होते. सगळे विहंगच्या प्रोग्रामवर खेळणार. ललितला एकच गोष्ट हवी होती: की तिथे चाळीस माणसांसमोर कोणाचं हत्यार घरी निघून जाऊ नये.

“नाही जाणार,” विहंग मान वर न करता म्हणाला. “चाळीस जणांच्या नावाने यादी होतेय. प्रत्येकाला तीन वस्तू, आणि त्यांची सगळी रूपं. लोहाराकडे कोण काय मागेल सांगता येत नाही.”

मी मनात गुणाकार केला. चाळीस गुणिले तीन गुणिले अठ्ठेचाळीस. पाच हजार सातशे साठ.

“होतेय म्हणजे?” मी विचारलं. “कोण करतंय?”

त्याने हनुवटीने आतल्या खोलीकडे दाखवलं.

काकू खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. त्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं टंकलेखक होत्या. मराठीत मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा त्यांनी पहिल्या खेपेला काढली होती, आणि ते त्या अजून सांगतात. यादी पहिल्यापासून त्यांनीच टाईप केलेली. नुसती टाईप नाही. प्रत्येक ओळीपुढे वस्तूचं एक वाक्याचं वर्णन लागतं, ते त्या स्वतः रचतात. ‘शिंगाची मूठ. लोहाराने आत बहिणीच्या बांगडीचा तुकडा बसवला. का, ते सांगितलं नाही.’ खेळताना नवी वस्तू मिळाली की ओवी ते वाक्य मोठ्याने वाचते आणि काकू आतून ऐकतात. यादी छापून त्यांनी तिला कापडी पाठीची बांधणी करून घेतली आहे. ती टेबलावर, देवाच्या पोथीशेजारी असते.

त्यांच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

मी काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, म्हणाल्या, बुधवारपासून जरा दुखतंय. पहाटे पाचला उठून बसते, तेव्हा थंड असतं. चारशे बारा ओळी झाल्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन वाचू लागले. सुरुवातीची वर्णनं नेहमीसारखी होती. एका भाल्याला नदी ओलांडताना पाय लागला होता म्हणून त्याचा मालक रोज त्याला नमस्कार करायचा. तीनशेच्या पुढे वाक्यं आखूड होत गेली होती. तीनशे चव्वेचाळिसाव्या ओळीत ‘मूठ चांगली आहे’. तीनशे नव्वदाव्यात नुसतं ‘बरा कोयता’.

राहिलेल्या ओळी पाच हजार तीनशे अठ्ठेचाळीस. ओळीला दहा शब्द धरले, आणि दुखऱ्या मनगटाने मिनिटाला वीस. शुक्रवारपर्यंत आजचा धरून सहा दिवस.

“काकू, रोज साडेसात तास बसावं लागेल,” मी म्हणाले.

“हो का?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं आठ.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, “एक विचारू? तू वर्षभर येऊन माझ्या मागे उभी राहतेस, वाचतेस आणि जातेस. चुकीचा नंबर असला तर सांगतेस. पण तुझ्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी असतं, ते सांगत नाहीस. मी चुकतेय का कुठे?”

“तुम्ही नाही चुकत.”

“मग?”

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत निफाडकडचे मोतीराम म्हणून एक बागायतदार आले होते. त्यांच्या हातात मी अहवाल दिला, देठातलं पालाश, म्हणजे पोटॅश, शून्य पूर्णांक नऊ टक्के. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “ताई, आकडा समजला. खत टाकू का नको, ते सांगा ना.” मी त्यांना सल्लागाराकडे जायला सांगितलं. आमचं काम मोजायचं, सांगायचं दुसऱ्याने. नियमाला धरूनच होतं ते. पण ते पायऱ्या उतरून जाताना हसले आणि म्हणाले, “लय भारी हाय तुमचं. कळतं सगळं, बोलायचं नाय.” त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून मला ते जास्त दिवस लक्षात राहिलं.

मी काकूंना एवढंच सांगितलं की ही यादी न करताही काम होऊ शकतं.

बाहेर ललित कशावर तरी हसत होता. मग त्यांनी विचारलं की हे मला केव्हापासून माहीत आहे. मी फेब्रुवारी म्हणाले. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, हे मला मागाहून जोडावं लागलं.

“पोह्यांच्या दिवशी,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“मी नावं घाला म्हटलं, तेव्हा.”

“हो.”

त्यांनी कापडी पाठीची यादी उचलली, अंगठ्याने पानं फरफर सोडली आणि परत ठेवली. मला वाटलं की त्या रडतील किंवा रागावतील. पण कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला फुकट गेलेल्या टायपिंगची ओळख असावी. किती ओळी राहतील, एवढंच त्यांनी विचारलं. मी एकोणीस म्हणाले. त्यांनी भुवया वर केल्या.

“आणि बाकीची वाक्यं?”

मी मनात हिशेब केला. जुन्या यादीतली आठशे एकाहत्तर आणि ही चारशे बारा, त्यातून एकोणीस वजा. बाराशे चौसष्ट वाक्यांना माझ्या रचनेत जागा नाही. बहिणीच्या बांगडीचा तुकडा एखाद्या शिंगाच्या मुठीला लिहिला, तर तो सगळ्या शिंगाच्या मुठींत जाईल. चौदा महिने मी ज्याला मनात मूर्खपणा म्हणत होते, त्यातल्या एवढ्या एका गोष्टीला माझ्या सुटसुटीत एकोणीस ओळींत उत्तर नव्हतं, आणि मला ते आत्ता, मनगटाचं बँडेज बघताना सुचत होतं. मी तसं सांगितलं. जागा नाही, म्हणाले.

“बरं,” काकू म्हणाल्या. “पण हे तू मला सांगून उपयोग नाही. मी टायपिस्ट आहे. त्याला सांग.” आणि मी उभीच राहिले तेव्हा म्हणाल्या, “मी सांगणार नाही हं. आईने सांगितलं की तो ऐकल्यासारखं करतो आणि एक अपवाद टाकतो.”

मी बाहेर आले. विहंगने मला पाहून हात पसरले. “झालं, टाकला. दोन मुठींचा प्रश्न मिटला.”

“मिटला,” ओवी म्हणाली आणि आपला फोन माझ्यासमोर धरला. कोयता, ओवीचा, पाणी दिलेला. वजन अकराशे ग्रॅम. मुठीच्या जागी काहीच नव्हतं. पितळी मूठ दिसली की एक काढ, असं सांगितलं होतं. प्रोग्रामने दोन्ही पाहिल्या आणि प्रत्येकीसाठी एकेक काढली. आणि लाकडी मूठ तर कधीच गेली होती.

“पकडू कुठे?” ओवीने विचारलं. “पात्याला?”

“माझ्या नव्या पात्राच्या भाल्याचीही गेली,” ललित म्हणाला. “त्याला तर एकच होती. विहंग, शनिवारी चाळीस माणसं आहेत. हात कापून घेतील.”

विहंग हसला, पण कानापर्यंत लाल झाला होता. एक मिनिट, म्हणाला, मूठ नसेल तर लाकडी बसव असा एक छोटा, आणि लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे ओढला. त्याची बोटं बटणांवर गेली. एकोणचाळिसावा. मी माझ्या खुर्चीपाशी उभी होते, त्या फेब्रुवारीत बसले होते तीच खुर्ची. आतल्या खोलीतून टायपिंगचा आवाज येत नव्हता. काकू दारात येऊन उभ्या होत्या, बँडेजचा हात दुसऱ्या हातात धरून, आणि विहंगकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या.

मी लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला आणि ते हळूच मिटवलं. विहंगने बोटं काढून घेतली.

“विहंग,” मी म्हणाले, “ही यादी काढून टाकायची. सगळी. आत काकू करतायत तीसुद्धा.”